दिल्लीतली उन्हाळी इंटर्नशिप: पीजीला दीड स्टार, शहराला पाच

२०२५ च्या उन्हाळ्यात मी दिल्लीत आठ आठवडे इंटर्नशिप केली, तेव्हापासून कॉलेजमधल्या ज्युनियर मुली फोन करून विचारतात की ताई जाऊ का, किती खर्च येतो, राहायचं कुठे, आणि मी प्रत्येकीला तासभर तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. लांबलं तर लांबू दे. हा रिव्ह्यू मुख्यतः मी राहिले त्या पीजीचा (पेइंग गेस्ट म्हणून भाड्याने घेतलेल्या खोलीचा) आहे, ऑफिसचा नाही, कारण माझं पक्कं मत झालंय की दिल्लीत उन्हाळ्यात इंटर्नशिप कशी होणार हे ऑफिस ठरवत नाही, तुमची खोली ठरवते. रात्री झोप मिळाली तर हे शहर विद्यार्थ्याला इतकं काही देतं की आठ आठवडे पुरत नाहीत. झोप नाही मिळाली तर तुम्ही फक्त घर ते ऑफिस करत राहता आणि वाटतं उगाच आलो.

मी सांगली जिल्ह्यातली, शिकायला पुण्यात, राज्यशास्त्र. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने १४ मेला निजामुद्दीनला उतरले. घरचे नकोच म्हणत होते कारण आधीच्याच आठवड्यात पाकिस्तानच्या सीमेवर ते लढाईचं सगळं चाललेलं, दिल्लीत ७ मेला ब्लॅकआऊटची मॉक ड्रिल झालेली, १० तारखेला थांबलं तेव्हा कुठे पप्पा हो म्हणाले. तिकीट आधीच काढलेलं होतं, ते फुकट गेलं असतं हे पण एक कारण.

तर पीजी. नाव लिहीत नाही, जीटीबी नगर मेट्रोपासून चालत दहा मिनिटं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तो सगळा भाग विद्यार्थ्यांचाच आहे, एका बाजूला युनिव्हर्सिटी आणि दुसऱ्या बाजूला मुखर्जी नगरचे क्लासेस, त्यामुळे प्रत्येक दुसरी बिल्डिंग पीजी. मी पुण्यातूनच फोटो बघून बुक केलं आणि हीच माझी पहिली चूक. फोटोत एसी होता. डबल शेअरिंग ९,५०० महिना, दोन वेळचं जेवण धरून, एक महिन्याचं डिपॉझिट. तिथे गेल्यावर पीजी चालवणाऱ्या आंटी म्हणाल्या एसीवाली रूम अलग है बेटा, चार हजार ज़्यादा. माझा स्टायपेंड महिना १०,०००. म्हणजे आकडे तुम्हीच बघा. मी कूलरवाली खोली घेतली, आणि लाईट बिल वेगळं, १२ रुपये युनिट, सबमीटरवर.

या १२ रुपयांबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण हे कुणीच आधी सांगत नाही. दिल्लीत घरगुती वापराला महिना २०० युनिटपर्यंत सबसिडीमुळे बिल शून्य येतं आणि २०१ ते ४०० ला निम्मं. मूळ दरसुद्धा पहिल्या २०० युनिटला ३ रुपये आणि पुढच्या २०० ला साडेचार. पण पीजीमधल्या मुलीच्या नावावर मीटर नसतो, सबमीटर असतो, तिथे मालक सांगेल तो दर. मी बिलाची कॉपी मागितली तर म्हणाल्या सब देते हैं, तुम ही पूछ रही हो. आमच्या मजल्यावर सहा मुली होत्या, त्यातल्या चौघी दोन-दोन वर्षं तिथे राहत होत्या आणि कुणीही कधीही बिल पाहिलेलं नव्हतं. तर जाणाऱ्यांनी बुक करायच्या आधी युनिटचा दर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, आणि पहिल्या दिवशी सबमीटरचा फोटो काढून ठेवा. मी काढला होता म्हणून शेवटी थोडं तरी वाचलं.

आता कूलर. आमच्याकडे सांगलीला कूलर कुणी फारसं वापरत नाही, पंख्यावर भागतं, त्यामुळे मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. नशिबाने रूममेट मिळाली अकोल्याची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, यूपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, मी तिला ताईच म्हणायचे. पहिल्या रात्री मी खोलीचं दार-खिडकी सगळं घट्ट लावून कूलर चालू केला, एसी लावतात तसं, आणि अर्ध्या तासात खोलीचा नुसता हमाम झाला. ताई लायब्ररीतून आली, दार उघडलं आणि म्हणाली, "अवं, दार लावून कूलर चालवतेस काहून? हवा बाहेर कुठून जाईन?" मग तिने नीट समजावलं. कूलर हवा थंड करतो ते पाण्याची वाफ करून, म्हणजे खोलीत ओल वाढतच जाते, ती ओली हवा बाहेर गेली पाहिजे आणि बाहेरची कोरडी हवा आत आली पाहिजे, म्हणून कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी. विदर्भातल्या पोराटोरांना हे माहीत असतं, मला एकविसाव्या वर्षी कळलं.

पीजीचा कूलर मात्र चौथ्या दिवशी बंद पडला. पाणी चढवणारी मोटर जळाली. आंटींना सांगितलं, कल आएगा बंदा. तो बंदा काही आला नाही. दुपारी ४२-४३ तापमान, भिंती रात्री अकराला हात लावला तर चटका बसेल अशा, वरती गच्ची तापलेली कारण आमचा मजला सगळ्यात वरचा. (हे पण लिहून ठेवा, दिल्लीत उन्हाळ्यात सगळ्यात वरचा मजला कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.) आम्ही गच्चीवर चादर ओली करून झोपायचा प्रयत्न केला तर डास. शेवटी ताई आणि मी मिळून सेकंडहँड कूलर घेतला, घरी परत जाणाऱ्या एका मुलाकडून, २,२०० रुपये, निम्मे निम्मे. तिसऱ्या मजल्यावर दोघींनीच चढवला. ताईने त्याच्या तिन्ही बाजूंचं जुनं गवत काढून फेकलं, सगळं क्षार बसून दगडासारखं झालं होतं, नवीन गवत भरलं, टाकी घासली, आणि पहिल्यांदा पाणी सोडल्यावर त्या ओल्या गवताचा जो वास आला ना, तो मला आजही आठवतो. त्या रात्री मी दहा तास झोपले.

जेवणाबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. सकाळी पराठा, रात्री डाळ-भाजी-रोटी, शुक्रवारी राजमा-चावल आणि तो खरंच चांगला असायचा. डाळ पातळ, भाजी आठवड्यातून चार वेळा आलूच. जेवण बनवणारे भैया मात्र फार चांगले माणूस, मला पोट बिघडलं तेव्हा न सांगता वेगळी खिचडी करून दिली. दीड स्टारमधला एक स्टार पूर्ण त्यांचा आहे.

आता २५ मेची रात्र, जिच्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. २५ मे, रविवार, यूपीएससीची प्रीलिम्स. ताईने वर्षभर याच दिवसासाठी जीव काढला होता. त्याआधी २१ मेला संध्याकाळी एक वादळ येऊन गेलंच होतं, मी ऑफिसमधून निघून जोर बागच्या रस्त्यावर होते, आकाश एकदम मातकट पिवळं झालं आणि पाच मिनिटांत धूळ, मग गारा, कडुनिंबाच्या फांद्या कडाकड रस्त्यावर, मी पळत स्टेशनात शिरले आणि तिथे आधीच शंभर-दोनशे माणसं उभी. परीक्षेसाठी २४ च्या रात्री ताई नऊलाच झोपली, मी लाईट बंद करून फोनवर ऑफिसचं काम करत बसले. रात्री दोनच्या सुमाराला वारा सुटला. कूलर खिडकीत होता आणि कूलरच्या बाजूने जी फट होती तिला पीजीवाल्यांनी पुठ्ठा लावला होता, आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतो की इथे फळी मारा, नाही मारली. पुठ्ठा भिजला, लोंबला आणि सगळं पाणी सरळ ताईच्या पलंगावर. लाईट गेलेले. इन्व्हर्टर आहे असं फोटोखाली लिहिलेलं होतं, तो चाललाच नाही. आंटींना तीन फोन केले, बंद.

पहिलं काम आम्ही काय केलं तर अॅडमिट कार्ड शोधलं. ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होतं म्हणून वाचलं. नोट्सची एक वही भिजली. मग मी माझी गादी कोरड्या कोपऱ्यात ओढली, ताईला त्यावर झोपवलं, खिडकीच्या फटीत माझा रेनकोट आणि दोन टॉवेल कोंबले आणि तिथेच कूलरला पाठ लावून बसले, म्हणजे टॉवेल सरकले तर कळेल. ताई झोपली नाही. डोळे मिटून पडली होती पण मला कळत होतं. चारच्या दरम्यान म्हणाली, "तू झोप वं, तुले काय परीक्षा आहे?" मी म्हटलं मला झोप येत नाहीये. पहाटे पाऊस थांबला, हवा एकदम गार, सगळ्या गल्लीत गुडघ्याखालपर्यंत पाणी. पेपर साडेनऊला. त्या रविवारी परीक्षेसाठी मेट्रोने काही लाइन नेहमीपेक्षा लवकर चालू केल्या होत्या, आम्ही सलवारी दुमडून, चपला हातात घेऊन स्टेशनपर्यंत गेलो, स्टेशनच्या पायऱ्यांवर तिने बूट घातले आणि मी तिच्या सेंटरच्या गेटपर्यंत गेले. आत जाताना तिने मागे वळून बघितलं नाही, सरळ गेली. ११ जूनला निकाल लागला, तिचा नंबर नव्हता. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण एका फळीचं काम होतं. सुताराला बोलावून अर्ध्या तासाचं. वर्षाला लाख-सव्वा लाख भाडं घेता एका मुलीकडून आणि खिडकीला फळी मारत नाही, याला मी माफ करू शकत नाही. सोमवारी आंटींना सांगितलं तर म्हणाल्या बारिश तो सबके यहाँ आई.

म्हणून पीजीला दीड. आता पाच स्टारवाल्या गोष्टी, त्यात सगळ्यात आधी दिल्ली मेट्रो. पुणे-मुंबईच्या मुलींना मेट्रो म्हणजे काय नवीन असं वाटेल, पण दिल्लीत आठ आठवडे एकट्या मुलीने राहायचं तर मेट्रो म्हणजे तुमचं अंगण आहे. मी यलो लाइनवर राहत होते आणि ऑफिसही यलो लाइनवर जोर बागला, एकही बदल नाही, साधारण अर्धा तास. तेव्हा तिकीट ४० रुपये होतं, ऑगस्ट २०२५ ला भाडं वाढलं, आता त्याच टप्प्याला ४३. स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी काढा, प्रत्येक फेरीला १० टक्के सूट मिळते, आणि सकाळी आठच्या आत, दुपारी बारा ते पाचमध्ये किंवा रात्री नऊनंतर आत शिरलात तर आणखी १०. मी रोज पावणेआठला गेटमधून आत जायचे, जाताना ३२, येताना ३६, महिन्याचा हिशोब दीड हजाराच्या आत. आणि गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेचा पहिला डबा बायकांचा, २०१० पासून. मी आईला रोज रात्री फोन मेट्रोतून करायचे आणि मागे ती अनाऊन्समेंट चालू असायची, हिंदीत शम्मी नारंग यांचा आवाज आणि इंग्लिशमध्ये रिनी सायमन खन्ना यांचा, आईला तो आवाज इतका पाठ झाला की तीच म्हणायची, आलं का तुझं विश्वविद्यालय, आता पुढचं उतरायचं. घरच्यांचा जीव त्या आवाजाने शांत झाला.

मी होते तेव्हा बायकांना डीटीसीच्या, म्हणजे दिल्लीच्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे नव्हते, गुलाबी तिकीट फाडून हातात द्यायचे, बाहेरच्या राज्यातल्या मुलींनाही मिळायचं. जाण्याआधी आत्ताचा नियम मात्र बघून घ्या.

म्हणून माझा सल्ला असा की खोली ऑफिसच्या जवळ शोधू नका, ऑफिसच्या मेट्रो लाइनवर शोधा. जोर बाग-लोधी कॉलनी भागात स्टायपेंडवर राहणं शक्यच नाही, पण त्याच लाइनवर अर्धा तास वर गेलं की जमतं. लाइन बदलायची वेळ आली तर राजीव चौकला संध्याकाळी सहाला जी गर्दी असते ती दादरची आठवण करून देते.

आता कामाबद्दल. संस्था छोटी, संशोधन करणारी, नाव नको. पहिल्या महिन्याचा स्टायपेंड एकवीस दिवस उशिरा आला, मॅमना दोनदा विचारावं लागलं आणि विचारताना मला लाज वाटत होती, खरं तर लाज त्यांना वाटायला पाहिजे. बाहेरगावच्या मुलीने एक महिन्याचे पूर्ण पैसे जवळ घेऊनच जावं. बाकी काम मात्र फार आवडलं. मला लोकसभेतले पीकविम्यावरचे प्रश्न काढून तक्ता करायला दिला होता, योजना २०१६ ला आली तिथपासूनचे. लोकसभेत प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे, तारांकित म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, दिवसाला असे २०, आणि अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर, दिवसाला २३०. हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलेलं होतं, पण अतारांकित प्रश्नांच्या शेकडो पीडीएफ उघडून वाचायला लागले तेव्हा कळलं की खरा माल तिथेच असतो. जिल्हावार आकडे, किती शेतकऱ्यांनी अर्ज केले, किती दावे पडून आहेत.

एक वाक्य सारखं यायचं, माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. मी पहिल्या आठवड्यात अशा प्रश्नांपुढे "उत्तर नाही" लिहून पुढे जायचे. तर आमच्या सरांनी थांबवलं, म्हणाले हे उत्तर नाही असं नाही, हे आश्वासन आहे, मंत्र्याने असं म्हटलं की ते तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं आणि ते झालं की नाही हे बघायला वेगळी समितीच आहे, शासकीय आश्वासन समिती. मग मी मागे जाऊन सगळी ओळ न् ओळ परत तपासली. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे एक रुपयातला पीकविमा बंद करून खरिपाला पुन्हा दोन टक्के हप्ता करायचं ठरलं होतं, पप्पा फोनवर रोज त्याच विषयावर, आणि मी इथे नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायच्या अटीवर खासदारांनी विचारलेले प्रश्न वाचत होते. अतिवृष्टीत रानात चिखल, फोनला रेंज नाही, ७२ तासांत कळवायचं कसं, हे आमच्या गावात पारावर बोललेलं वाक्य जवळजवळ तसंच संसदेच्या कागदावर सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले. इंटर्नशिपने मला काय दिलं तर हे.

पण एक गोष्ट नीट समजून जा. संसद बघायला मिळेल म्हणून मे-जूनमध्ये जात असाल तर नाही मिळणार. अर्थसंकल्पी अधिवेशन एप्रिलच्या सुरुवातीलाच संपलेलं असतं आणि पावसाळी अधिवेशन २०२५ ला २१ जुलैला सुरू झालं, मी ११ जुलैला परतीच्या गाडीत बसले होते. सुप्रीम कोर्टही २६ मे ते १३ जुलै अंशतःच चालू. अधिकाऱ्यांना भेटायचं म्हटलं तर निम्मे रजेवर. कॉलेजची सुट्टी आणि राजधानीची सुट्टी एकाच वेळी येते, हे मला जायच्या आधी कुणी सांगायला हवं होतं. ज्यांना जमेल त्यांनी एक महिना पुढे ढकला, कॉलेजकडून परवानगी काढा आणि अधिवेशनाचा पहिला आठवडा तरी गाठा.

उलट उन्हाळ्यात जे मिळतं ते वेगळंच. मेमध्ये दिल्लीतला बहावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे झुबके, खाली पिवळा सडा, आणि एवढ्या उन्हातही ते झाड हिरवट-पिवळं थंड दिसतं. जूनच्या शेवटाला नवी दिल्लीतल्या जुन्या रस्त्यांवर जांभळं पडायला लागतात, फुटपाथ जांभळा होतो, झाडाखाली चादर ताणून जांभळं झेलणारी माणसं असतात. हातगाडीवर फालसे मिळतात, वाटाण्याएवढी आंबट-गोड फळं, काळं मीठ लावून द्रोणात देतात, आपल्याकडे मी कधी खाल्ली नव्हती. आणि रविवारी दुपारी बारा ते पाच, जेव्हा खोलीत बसणं अशक्य असतं, तेव्हा जनपथवरचं नॅशनल म्युझियम, भारतीयांना २० रुपये, आत एसी. मी तिथे चार रविवार गेले. मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी शाळेच्या पुस्तकात केवढी मोठी वाटायची, प्रत्यक्षात साडेदहा सेंटीमीटर, माझ्या तळहाताएवढी पण नाही. कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि एका हातात वरपासून खालपर्यंत बांगड्या. मी काचेसमोर बसकण मारूनच बघायचे, तिथल्या सिक्युरिटीच्या ताई ओळखायला लागल्या होत्या. सोमवारी बंद असतं, ते लक्षात ठेवा.

घरचं जेवण आठवलं की महाराष्ट्र सदन. दोन आहेत, जुनं कोपर्निकस मार्गावर, मंडी हाऊस मेट्रोपासून चालत, आणि नवीन कस्तुरबा गांधी मार्गावर, २०१३ चं. मी जुन्याला जायचे. तीन आठवडे रोटी खाल्ल्यावर साधं वरण-भात-तूप समोर आलं तेव्हा मी पहिला घास घेऊन थोडा वेळ नुसती बसले. थालीपीठ छान, लोणी वर. शेजारच्या टेबलवर सगळी यूपीएससीची पोरं, बीड, नांदेड, परभणी, लातूर, सगळ्यांची भाषा वेगळी आणि विषय एकच, कटऑफ किती लागेल. बदल म्हणून एकदा अशोक रोडवरच्या आंध्र भवनातली थाळी पण खाऊन या, वाढतच राहतात.

एक संध्याकाळ मी मुद्दाम तालकटोरा स्टेडियमच्या बाजूला गेले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ९८ वं मराठी साहित्य संमेलन तिथे झालं आणि अध्यक्ष तारा भवाळकर, आमच्या सांगलीच्या. १९५४ नंतर पहिल्यांदाच दिल्लीत संमेलन. १७३७ मध्ये बाजीरावांच्या फौजेचा तळही तालकटोऱ्याच्याच परिसरात पडला होता. मी गेले तेव्हा काहीच नव्हतं, बंद गेट, एक आईस्क्रीमवाला. तरी गेटसमोर उभं राहून फोटो काढला आणि आजीला पाठवला. आजीला भवाळकर बाईंचं फार.

२९ जूनला पाऊस दिल्लीत आला आणि आमचा कूलर एका रात्रीत निकामी झाला. बिघडला नाही, चालत होता, पण हवेतच एवढी ओल की पाण्याची वाफ होणार कशी, नुसता चिकट वारा. ताईने पाणी काढून टाकलं आणि नुसता पंखा चालवला. जुलैचे ते दोन आठवडे मला मेच्या ४३ पेक्षा जड गेले. म्हणजे कूलरवाली खोली फक्त मे आणि अर्ध्या जूनसाठी, जुलै धरत असाल तर एसीचे जास्तीचे पैसे आत्ताच घरी मागून घ्या किंवा दोघी-तिघी मिळून एसीची खोली घ्या, ट्रिपल शेअरिंग चालेल पण एसी.

निघताना डिपॉझिट. ९,५०० पैकी आंटींनी रंगकाम म्हणून दोन हजार, साफसफाई म्हणून पाचशे आणि लाईट बिल जास्तीचं म्हणून हजार कापायला घेतले. मी पहिल्या दिवशीचा सबमीटरचा फोटो आणि २५ मेच्या रात्रीचे भिजलेल्या भिंतीचे, पलंगाचे फोटो दाखवले, आवाज न चढवता. तो हजार सोडला, रंगाचे एक हजार सोडले, बाकी कापलेच. ८,००० हातात आले. शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणाली इतके परत आलेली तू पहिली. त्यामुळे फोटो, फोटो, फोटो. खोलीत शिरलात की बॅग उघडायच्या आधी भिंती, खिडकी, गादी, मीटर, सगळ्याचे.

आणि बुक करायच्या आधी दिल्लीत ओळखीचं कुणी असेल, कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण, तर त्यांना एकदा खोलीवर पाठवाच, दुपारी दोनला पाठवा, संध्याकाळी नाही. दुपारी दोनला त्या खोलीत दहा मिनिटं बसून बघा म्हणावं. नसेल कुणी तर पहिले दोन-तीन दिवसच स्वस्तात कुठेतरी उतरा आणि स्वतः चार पीजी फिरून ठरवा. खिडकी कुठल्या दिशेला आहे, वर गच्ची आहे का, कूलरच्या बाजूची फट फळीने बंद आहे की पुठ्ठ्याने, हे बघा.

कूलरमधला माझा अर्धा हिस्सा माझ्या जागी आलेल्या परभणीच्या मुलीला ७०० रुपयांना दिला. ताई अजून तिथेच आहे, पण खोली बदलली, दुसऱ्या मजल्यावर गेली, कूलर सोबत नेला. गेल्या आठवड्यात फोन आला होता, यंदा नवीन गवत आणून ठेवलंय म्हणाली, आणि खिडकीच्या फटीला फळी तिने स्वतःच मारून घेतली आहे, सुताराने ३५० घेतले.